मँटिस खाईनासा झाला की

आमच्या कढीपत्त्यावरून घरात आलेली हिरवी मँटिस मोठ्या जातीची, हायरोड्युला. एका पावसाळ्यात तिने रातकिड्याकडे पाठ फिरवली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार होता. एरवी ज्यांना ती डोळ्यांसमोर नको असायची, त्यांच्याकडे तर दोन-दोन.

उपायाआधी पंख बघावेत. पिल्लू असेल, पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या असतील आणि ते छताला उलटं लटकून बसलं असेल, तर ते आजारी नाही, कात टाकायच्या बेतात आहे. तेव्हा खाणं सुटतंच. डब्यातला रातकिडा आधी बाहेर काढा. कात टाकताना मऊ पडलेल्या अंगाचे तो लचके तोडतो. डबा हलवू नका. लटकताना खाली पडलेला मँटिस वाकड्या पायांनी उरतो, किंवा उरतच नाही. म्हणून डबा त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच हवा आणि छताला जाळी. रात्री डोळे काळे दिसले तर घाबरू नका, उजाडलं की पूर्ववत होतात.

आमच्या मादीला मात्र पूर्ण पंख होते. पंख आले की कात टाकणं संपलं, म्हणजे ती सबब गेली. शिवाय तोंडातून काळपट, घाण वासाचं पाणी येत होतं. आदल्या दिवशी तिने सोसायटीच्या हिरवळीवरचा नाकतोडा खाल्ला होता, आणि तिथे औषध फवारल्याचं नंतर कळलं. संशय तिथेच गेला. तेव्हापासून बाहेरचं भक्ष्य आमच्याकडे बंद. स्प्रेने अर्धमेलं झालेलं झुरळ तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये.

अशा वेळी खाणं पूर्ण थांबवावं. मोठा मँटिस काही दिवस उपाशी काढतो, तहान मात्र त्याला सोसत नाही. वाटीत पाणी ठेवून फारसा उपयोग नाही, तो थेंब पितो. दातकोरणीच्या टोकावर एक थेंब घेऊन तोंडाशी धरावा. अंगावर पाणी ओतू नये, कारण तो श्वास घेतो पोटाच्या-छातीच्या कडेच्या छिद्रांतून. डबा पुसून कोरडा करावा, हवा खेळती ठेवावी. कोंदट ओल बुरशी आणते.

ओकणं थांबलं की माशी फोडून तिचा मऊ भाग चिमट्याने जबड्याला नुसता टेकवावा. चावू लागला तर धरून राहावं, पुढच्या पायांनी ढकललं तर तिथेच थांबावं. कोंबून भरवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. तो मी ऐकला नाही.

ती सावरली, अंड्यांचा कोषही घातला. पुढे म्हातारपणी पायांची टोकं झडतात आणि जाळी धरवत नाही, त्याला औषध नाही. तेव्हा उंच डबा बाजूला ठेवून बसका घ्यावा, तळाला टिश्यू पेपर अंथरावा आणि घास चिमट्याने थेट तिच्या हातात द्यावा.