कर्व्ह स्क्रीनचा जुना फोन घेताय? आधी उलटा हिशोब मांडा

गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या मोबाईलच्या धंद्याबद्दल बोललो. त्यात कर्व्ह स्क्रीनचा विषय दोन मिनिटांत उरकला होता, आणि त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. म्हणून आज फक्त तेवढंच, पण नीट.

सुरुवात आपल्या बॅचमधल्या एका मुलापासून करतो. वाकोल्यात राहतो, दीड वर्ष रिपेअरिंगच्या दुकानात हाताखाली काम केलं, आणि मग आईच्या भिशीचे ४०,००० रुपये घेऊन जुने फोन घेणं-विकणं सुरू केलं. पहिल्या महिन्यात पाच साधे, सपाट स्क्रीनचे फोन विकले. पाचही फोनचा मिळून निव्वळ नफा ४,०५० रुपये. वाईट नाही. सहावा फोन आला तो कर्व्ह स्क्रीनचा. सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला, भर दुपारी, उन्हात त्याने तो पाहिला. मला फोन केला, "सर, एकदम चकाचक पीस आहे. साडेनऊला देतोय. साडेबाराला सहज जाईल."

मी विचारलं, "अरे, स्क्रीन तापवून बघितलीस का?"

"तापवून म्हणजे?"

तोपर्यंत त्याने पैसे दिलेले होते.

फोन १२,५०० ला विकला गेला. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक परत आलं. उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. कंपनीच्या दर्जाचा डिस्प्ले ८,२०० रुपये, कॉपी ४,३०० रुपये, आणि कॉपी टाकली की कडेला काळी पट्टी दिसते. पोराने गिऱ्हाइकाचे पूर्ण पैसे परत केले, हे त्याने बरोबर केलं. फोन शेवटी पार्टसाठी ४,५०० ला गेला. म्हणजे ५,००० चा खड्डा. पाच फोनचा नफा गेला, वर भिशीतले ९५० रुपये गेले.

आता बघा, कर्व्ह स्क्रीन महाग का पडते ते समजून घेऊ. कारण समजलं की तपासायचं काय ते आपोआप कळतं.

अमोलेड पॅनल वाकवता येतं, कारण त्याचे प्रकाश देणारे थर काचेवर न बसवता पातळ प्लास्टिकवर बसवता येतात. त्या पॅनलवर टच आणि वर गरम करून वळवलेली काच, हे सगळं पारदर्शक गोंदाने एकमेकांना चिकटवलेलं असतं. सपाट फोनची नुसती काच फुटली तर चांगला कारागीर मशिनवर तेवढी काच बदलून देतो. कडेला वळलेली काच बदलायची तर त्या मॉडेलचा साचा लागतो, व्हॅक्यूम लागतो, आणि एवढं करूनही वळणावर बुडबुडा राहू शकतो. म्हणून छोट्या दुकानात कर्व्हची काच फुटली म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण फोल्डर बदलणं आलं. स्वस्त साध्या एलसीडीच्या कॉपीला तसं वळणच घेता येत नाही, म्हणून ती मधे सपाट बसते आणि बाजूला पट्टी सोडते. शिवाय सपाट फोनमध्ये फ्रेमची कड काचेला थोडा आधार देते. कर्व्हमध्ये काच स्वतःच कडेपर्यंत आलेली असते. फोन आडवा पडला की पहिला मार काचेलाच.

हे फोन आले कुठून आणि आता एवढे स्वस्त कसे? २०१३ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी राउंड आणि एलजीचा जी फ्लेक्स आला, २०१४ मध्ये नोट एज, २०१५ मध्ये एस-६ एज. तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. मग मे २०२३ मध्ये आपल्याकडच्या लावाने अग्नी-२ हा कर्व्ह फोन २१,९९९ ला आणला, आणि मार्च २०२४ मध्ये ब्लेझ कर्व्ह १७,९९९ पासून. उलट सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपला सगळ्यात महाग एस-२४ अल्ट्रा सपाट करून टाकला. म्हणजे कर्व्ह वरच्या माळ्यावरून खाली उतरला. आपल्या धंद्यात याचा अर्थ काय? तीन वर्षांपूर्वी चाळीस हजाराला घेतलेला कर्व्ह फोन विकणारा माणूस अजून त्या भावाच्या धुंदीत असतो, पण गिऱ्हाईक मात्र वॉरंटीसकट नवीन कर्व्ह फोन कितीला मिळतो ते मोबाईलवर बघून आलेलं असतं. भाव करताना विकणाऱ्याने तेव्हा दिलेली किंमत विसरा. आज नवीन काय मिळतं ते धरा.

आता तपासणी. यात घाई करायची नाही. वीस मिनिटं द्या, आणि देणारा "मला ट्रेन पकडायची आहे" म्हणाला तर त्याला पकडू द्या.

कव्हर काढा, स्क्रीन गार्ड काढता येत असेल तर काढायला सांगा. फोन बंद करा आणि ट्यूबलाइटखाली धरा. काचेत ट्यूबचं प्रतिबिंब दिसेल. फोन हळूहळू तिरका करत ते प्रतिबिंब मधून कडेकडे सरकवा. मूळ काचेवर ती रेघ पाण्यासारखी वळून खाली जाते. काच बदललेली असेल तर वळणावर ती थरथरते किंवा तुटते. ही युक्ती मला एका जुन्या कारागिराने शिकवली, आणि अजूनपर्यंत तिने मला एकदाही फसवलेलं नाही. मग काच आणि फ्रेमच्या मधून नख फिरवा. कुठे अडकलं, कुठे फट लागली, तर फोन उघडलेला आहे किंवा आतली बॅटरी फुगतेय. कानाच्या जाळीत आणि बटणांच्या कडेला सुकलेला गोंद दिसतो का तेही बघा. कर्व्हवर साधी टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही, म्हणून लोक पातळ गोंद ओतून यूव्ही दिव्याखाली ग्लास बसवतात, आणि तो गोंद आत झिरपतो.

आता फोन चालू करा. अंधाऱ्या कोपऱ्यात या, ब्राइटनेस सगळ्यात कमी, आणि पूर्ण राखाडी रंगाचं चित्र उघडा. असं चित्र स्वतःच्या फोनमध्ये कायम ठेवा, समोरच्या फोनवर पाठवायला. कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची सावली दिसली तर स्क्रीन भाजलेली आहे. मग पूर्ण पांढरं चित्र. इथे नवीन माणूस एक चूक करतो. कर्व्हच्या कडेला थोडी निळसर-हिरवट झाक दिसते, कारण तो भाग आपल्याकडे तिरका असतो. तो दोष नाही, त्यावरून चांगला फोन सोडू नका. फक्त दोन्ही कडा सारख्या दिसल्या पाहिजेत. एकच कड गुलाबी किंवा हिरवी असेल तर संशय घ्या.

टचसाठी सॅमसंगमध्ये *#०*# दाबलं की तपासणीचा मेनू येतो. दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर एखाद्या ॲपचं चिन्ह दाबून धरा आणि ते डाव्या कडेने वरून खाली, मग उजव्या कडेने, हळू ओढत न्या. मधेच सुटलं तर तिथे टच मेलेला आहे. एकदा फोन नेहमीसारखा मुठीत धरून मेसेज टाईप करा. तळव्याच्या स्पर्शाने भलतंच काही दाबलं जात असेल, तर घरी गेल्यावर गिऱ्हाईकही तीच तक्रार करणार. स्क्रीनखाली फिंगरप्रिंट असेल तर स्वतःचं बोट नव्याने नोंदवा. कॉपी डिस्प्लेवर ते बहुतेक चालत नाही.

आणि मग तापवणं. ब्राइटनेस पूर्ण करा, कॅमेरा लावून पंधरा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्ड करा. चहा घ्या तोपर्यंत. कमजोर झालेल्या पॅनलची रेघ थंड फोनमध्ये कधी कधी लपून राहते, गरम झाल्यावर बाहेर येते. वाकोल्याच्या मुलाने नेमकं हेच केलं नव्हतं. उन्हात, गडद वॉलपेपरवर, पाच मिनिटांत सौदा.

पावसाळ्यात अजून एक काम वाढतं. आपण सांताक्रूझकर. २६ जुलै २००५ ला इथल्याच वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला होता, आणि मिलन सबवेने तर त्याची अनेकदा आठवण करून दिली आहे. जून ते सप्टेंबर इथे विकायला येणाऱ्या फोनमध्ये भिजलेले फोन असणारच. सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारा. बऱ्याच फोनमध्ये तिथे पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. आणि एकदा स्क्रीन उघडलेल्या फोनला "वॉटरप्रूफ आहे" असं सांगून कधीही विकू नका.

स्क्रीन पास झाली म्हणजे फोन पास झाला असं नाही. *#०६# दाबून आयएमईआय घ्या, बिलाशी आणि बॉक्सशी जुळवा, आणि केवायएम लिहून, जागा सोडून, तो १५ अंकी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचे फोन ब्लॉक करण्याच्या सरकारी नोंदणीची सुरुवात २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली, आणि मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलवर ती देशभर आहे. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसं मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. "मला काय माहीत" एवढं म्हणून सुटका होत नाही. देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, सही, तारीख, आयएमईआय रजिस्टरमध्ये आलंच पाहिजे. गुगल खातं त्याच्याच हाताने काढून घ्या, समोर.

आता उलटा हिशोब. आपण नेहमी घेण्याच्या भावापासून वर मोजतो, "साडेनऊला घेतला, साडेबाराला विकीन". विकण्याच्या भावापासून खाली या.

समजा फोन आज १२,५०० ला जाईल. तुमचा नफा १,२०० धरा. साफसफाई, कव्हर, येण्याजाण्याचा खर्च ३६०. आता स्क्रीनचा वाटा. डिस्प्ले ८,२०० चा आहे आणि तुमच्या रजिस्टरमध्ये अजून अनुभव नाही, तर असं धरा की अशा पाच फोनपैकी एकाची स्क्रीन तुमच्या गॅरंटीच्या काळात जाईल. ८,२०० भागिले पाच, म्हणजे १,६४०. सगळं वजा केलं की ९,३०० उरतात. हा तुमचा वरचा भाव, तोही तपासणीत पूर्ण पास झालेल्या फोनसाठी.

गंमत बघा, त्या मुलाने ९,५०० दिले होते. भाव दोनशेनेच चुकला होता. चुकली ती तपासणी. कारण कडेला जरा जरी संशय आला असता तर पाचवा वाटा नाही, अख्खी स्क्रीन वजा करायची. १२,५०० मधून ८,२००, १,२०० आणि ३६० गेले, राहिले २,७४०. एवढा भाव सांगितला की समोरचा हसतो आणि निघून जातो. जाऊ द्या.

अजून एक, हा पाचपैकी एकचा हिशोब पाच फोन घेऊ शकणाऱ्यासाठी आहे. ४०,००० च्या भांडवलात एका वेळी एकच कर्व्ह फोन ठेवा. तो विकला गेला आणि गॅरंटीचे दिवस निघून गेले की मगच दुसरा.

विकताना गिऱ्हाईक काय काम करतं ते विचारा. डिलिव्हरीवाल्याला कर्व्ह देऊ नका. बाईकच्या होल्डरचे पंजे नेमके कडेला दाबतात, आणि पावसात ओल्या अंगठ्याने कडेचा टच वेड्यासारखा चालतो. कलिनाच्या कॅम्पसमधल्या मुलामुलींना मात्र तो हातात घेतल्यावर आवडतो, तिथे तो लवकर जातो. त्यांना फिल्मवाला गार्ड लावून द्या आणि स्क्रीन फुटली तर किती खर्च येईल तो आकडा बिलावरच लिहा.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो, बाकी सीएला विचारा. फक्त माल विकत असाल तर महाराष्ट्रात उलाढालीची मर्यादा ४० लाख आहे. पण सोबत रिपेअरिंग करत असाल तर ती सेवा झाली, मर्यादा २० लाखांवर येते. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. नोंदणी झाल्यावर जुन्या फोनसाठी मार्जिन स्कीम आहे. खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल तर १८ टक्के पूर्ण किमतीवर नाही, फक्त फरकावर.

वाकोल्याच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, असं विचाराल. परवा त्याचा पुन्हा फोन आला. कर्व्ह पीस होता, देणारा अकरा मागत होता. याने कॅमेरा लावला, चहा सांगितला. बाराव्या मिनिटाला डाव्या कडेला केसाएवढी गुलाबी रेघ आली. याने फोन पुसून परत दिला आणि म्हणाला, "दादा, चहाचे पैसे मी देतो."