दादाचे वण पुसू नकोस

साखर पेठ, सोलापूर

चि. बाळूस,

काल रात्री तुझ्या आत्याचा फोन आला. म्हणाली, दादाच्या पहिल्या पुण्यस्मरणाची कार्डं बाळू घरीच छापतोय आणि फोटोत दादाचे गाल पार गुळगुळीत केलेत. वर कोटही चढवलाय म्हणे. खरं आहे का हे?

घरी छापायला माझी ना नाही. तीस-चाळीस कार्डांना ऑफसेटवाला हात लावत नाही, हे जन्मभर खिळे जुळवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण ते वण? लहानपणी देवी आल्या, त्यातून दादा वाचला. आई शेवटपर्यंत त्या गालांवरून हात फिरवायची. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडलेला नाही. तसे चेहरे आता व्हायचे नाहीत, आणि तू मोबाईलवर बोट फिरवून पुसून मोकळा? कोट तर त्याने स्वतःच्या लग्नातही घातला नव्हता. यंत्रमागावर चादरी काढणारा माणूस. पाहुण्यांना वाटायचं, बँकेचे मॅनेजर वारले.

अण्णा गेले तेव्हा फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. मी ट्रेडलवर होतो, मालकाने उधारीवर करूही दिला असता. पण तरणा होतो. म्हटलं, चेहरा सगळ्यांना माहीतच आहे, कशाला खर्च? नुसतं नाव छापलं, भोवती काळी चौकट. परवा तुझ्या पोरीने विचारलं, पणजोबा कसे दिसायचे? मी काय दाखवणार?

वारीतला फोटो घे, कपाळाला बुक्का लावलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला नको, तो बारीक होऊन येतो. ज्याने काढला त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागव. चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल तरी हवेत. उजेड हवा तेवढा वाढव, वणांना हात लावू नकोस. जाड कागद घरच्या प्रिंटरमध्ये अडकतो, मागच्या ट्रेतून घाल. शाई रात्रभर वाळू दे, नाहीतर ओल्या बोटाला फासते. आणि दादा माळकरी होता, कै. नको, वै. लिही. तारखेखाली तिथी हवीच.

आत्या आणखी एक म्हणाली, तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या फोटोपुढे बसतोस. ते ऐकलं आणि राग कुठल्या कुठे गेला. दवाखान्यातलं ते सुकलेलं तोंड डोळ्यांपुढून हलत नसेल, म्हणून गाल भरत बसला असशील. मलाही तेच दिसतं रे. वारीतल्या फोटोत तो छान हसतोय, वणांसकट.

रविवारी प्रिंटर घेऊन इकडेच ये. प्रूफ मी बघतो, कार्डं आपण दोघं कापू. काकूने शेंगाचटणी कुटून ठेवलीय, कडक भाकरीही आहे. तुझं जेवणखाण धड चाललेलं दिसत नाही. चार दिवस राहिलास तरी चालेल. पोरीलाही आण.

तुझा,
काका