एफ५ वरचा उंट

"सर, काळ्यासाठी एकच ओपनिंग द्या, समोरचा काहीही खेळू दे." भाईंदर पूर्वेला मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि पालकांची ही मागणी सतत ऐकतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तर शिकायला येणाऱ्यांची रीघच लागली आणि मागणीलाही जोर आला. मला ती गैर वाटत नाही. शाळा, क्लास, परीक्षा सांभाळून शनिवार-रविवारी 'बिलो १६००' स्पर्धा खेळणाऱ्या पोराने सिसिलियन, निम्झो, किंग्ज इंडियन हे सगळं पाठ कधी करायचं? पांढऱ्याला पहिली खेळी मनासारखी करता येते. काळ्याला ई४, डी४, सी४ आणि घोडा एफ३ या चौघांनाही उत्तर तयार ठेवावं लागतं. म्हणजे काळ्याचा अभ्यास मुळातच जास्त. तो आवाक्यात आणणारी पद्धत मिळत असेल तर ती हवीच. फक्त ती उभी करताना मुलं कुठे अडखळतात, ते मी इतक्या वेळा पाहिलंय की पुढच्यांना आधीच सांगून ठेवावंसं वाटतं.

पहिली ठेच बहुतेकांना 'जी६' खेळताना लागते. व्हिडिओ पाहून मूल येतं आणि सांगतं: जी६, उंट जी७, डी६, घोडा एफ६, कॅसलिंग, पांढऱ्याकडे बघायचंच नाही. या मांडणीबद्दल मला मनापासून आदर आहे. ती आपल्या मातीतली आहे. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीतही साधारणपणे एकच घर सरकायचं, त्यामुळे आपले जुने खेळाडू सबुरीने, कोपऱ्यातून उंट काढून डाव रचायचे. कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी कोक्रेन या स्कॉटिश खेळाडूविरुद्ध असेच खेळत. १८५५ च्या एका डावात तर त्यांनी घोडा एफ६, जी६ आणि मग डी५ असा क्रम लावला. पुढे साठ-सत्तर वर्षांनी जगाने त्याला ग्रुनफेल्ड म्हटलं. 'इंडियन डिफेन्स' हे नाव रुजलं ते याच खेळामुळे.

पण दहा वर्षांच्या मुलाच्या हातात ही मांडणी फार लवकर पडते. पांढरा ई४, डी४ करून मध्य व्यापतो, उंट ई३, वजीर डी२, उंट एच६ करून आपला जी७ चा उंट मारून टाकतो आणि एच४-एच५ ढकलत राजापाशी येतो. आपलं मूल मात्र पाठ केलेल्या पाच खेळ्या संपवून बसलेलं असतं. स्पास्कीने १९६६ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत पेट्रोस्यानविरुद्ध दोनदा असाच दबा धरून बसणारा 'हिप्पोपोटॅमस' खेळला आणि दोन्ही डाव बरोबरीत सोडवले. त्याला मध्य कधी फोडायचा हे ठाऊक होतं. ते कळायला आधी शेकडो डावांत मध्य स्वतः लढवलेला असावा लागतो.

म्हणून मी मुलांना सी६ आणि डी५ देतो. ई४ ला कारो-कान, डी४ ला स्लाव्ह, सी४ किंवा घोडा एफ३ आलं तरी तीच दोन प्यादी. मध्यात आपला पाय रोवलेला राहतो, राजा सुरक्षित राहतो आणि फ्रेंच बचावात जो सी८ चा उंट आतच गुदमरतो, तो इथे प्याद्यांच्या साखळीबाहेर निघतो. मुलांना हा उंट फार आवडतो, आणि घोळ तिथेच होतो.

कारो-कानच्या मुख्य मार्गात पांढऱ्याचा घोडा ई४ वर आला की आपण उंट एफ५ ला नेतो. घोडा जी३ वर येऊन त्याला हुसकावतो, उंट जी६ ला जातो, पांढरा एच४ करतो, आपण एच६ करून उंटाला एच७ चं घर मोकळं ठेवतो. छान. आता माझ्याकडची चौथीतली एक मुलगी स्लाव्हमध्ये काय खेळली ते पाहा. डी४ डी५, सी४ सी६, घोडा एफ३ घोडा एफ६, घोडा सी३, आणि लगेच उंट एफ५. पांढऱ्याने डी५ वर मारलं, तिने सी प्याद्याने परत मारलं, मग वजीर बी३. आता बी७ उघडं पडलंय, कारण त्याचा राखणदार उंट घराबाहेर आहे, आणि डी५ वरही घोडा नि वजीर दोघांचा डोळा आहे. तिने वजीर बी६ करून अदलाबदल मागितली, तर पांढऱ्याने शांतपणे घोड्याने डी५ चं प्यादं उचललं. उंट परत सी८ ला नेला असता तर प्यादं वाचलं असतं, पण दोन खेळ्या वाया गेल्या असत्या.

त्याच जागी आधी सी४ चं प्यादं मारलं असतं आणि पांढऱ्याने ए४ केल्यावर उंट एफ५ ला नेला असता, तर तीच खेळी उत्तम ठरली असती. आता पांढऱ्याकडे डी५ वर मारायला प्यादंच उरलेलं नाही, आणि ए४ मुळे बी४ चं घर आपल्याला कायमचं मिळालंय. अलेखिन आणि यूव्ह यांच्या १९३५ आणि १९३७ च्या लढतींत स्लाव्ह बचाव पुन्हा पुन्हा खेळला गेला. ते डाव मुलांना जरूर दाखवा.

अजून एक. कारो-कानमध्ये पांढऱ्याने ई५ ढकललं, आपण उंट एफ५ केला, त्याने एच४ केलं. सवयीने ई६ खेळलात तर जी४ येतं. उंट जी६ ला गेला की एच५. ई४ ला पळाला की एफ३, मग जी६, मग पुन्हा एच५. उंट मेला. एच४ ला उत्तर म्हणून आधी एच५ किंवा एच६ करायला हवं होतं. ही चूक करणाऱ्या मुलांना पुढच्या खेळ्या तोंडपाठ होत्या. एच४ ने कोणती धमकी दिलीय हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. घरी परतताना लोकलमध्ये मोबाईलवर इंजिन लावून डाव बघतात, लाल खूण दिसते, आणि 'ओपनिंग खराब आहे' असं ठरवून पुढच्या आठवड्यात नवीन कोर्स विकत घेतात. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की तो कोर्स घेऊ नका. त्याच पैशात मुलाला आणखी एक स्पर्धा खेळू द्या.

तयारी वहीत करा. खेळ्यांच्या लांबलचक यादीपेक्षा प्याद्यांच्या रचनेला एकेक पान द्या. कारोमध्ये पांढऱ्याने डी५ वर मारलं की सी फाइल आपल्यासाठी अर्धी उघडते. तिथे हत्ती आणून बी प्यादं बी५-बी४ ढकलत पांढऱ्याचं सी३ पोखरायचं, हे एक पान. सी४ करून तो पानोव्हकडे वळला तर बहुधा त्याचं डी४ एकटं पडतं. त्याच्यासमोर डी५ वर घोडा बसवायचा आणि एकेक मोहरं बदलत जायचं, हे दुसरं. ई५ ची साखळी तिसरं. तिथे सी६ वरचं प्यादं आणखी एक पाऊल पुढे टाकून सी५ करावंच लागतं, खेळी वाया गेली असं वाटलं तरी. स्लाव्हमध्ये सी४ मारल्यानंतरची रचना चौथं. चार पानं भरायला चार महिने लागले तरी हरकत नाही. प्रत्येक पानावर स्वतःचे दोन हरलेले आणि एक जिंकलेला डाव चिकटवा. लिचेसवर फुकट साठा आहे, त्यातून त्याच रचनेचे मोठ्यांचे डाव काढा आणि पंधराव्या खेळीपासून पुढे पाहा. २००८ मध्ये बॉनला आनंदने क्रॅमनिकला काळ्या मोहऱ्यांनी दोनदा हरवलं, तिसऱ्या आणि पाचव्या डावात, सेमी-स्लाव्हच्या एकाच मार्गाने. समोरच्याला मार्ग कळलेला असूनही तो पुन्हा चालला. आनंदला त्या मार्गाने येणाऱ्या स्थितीची जाण अधिक होती.

आपल्याकडच्या स्पर्धांत ई४ खालोखाल मला दिसते ती लंडन: डी४ आणि उंट एफ४. इथे सी६ ला चिकटून राहू नका. डी५ नंतर थेट सी५ करा, घोडा सी६ ला आणा, वजीर बी६ ला नेऊन बी२ वर बोट ठेवा. त्याचा उंट बाहेर गेल्याने ते घर सैल झालेलं असतं. सी४ ला सी६ खेळल्यावर पांढऱ्याने घोडा एफ३, जी३ केलं तर मात्र डी५, घोडा एफ६ आणि उंट एफ५ निर्धास्त खेळा, बी३ आलं की पुढे ई६. बी३ किंवा एफ४ ने सुरुवात करणाऱ्यांसाठी वहीत वेगळं पान नको. डी५, घोडा एफ६, उंट बाहेर, मग ई६ आणि कॅसलिंग. बाकीचा वेळ लंडनला द्या.