यंत्राचा डोळा केव्हा उघडावा?

कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावरून औषधाच्या कुप्या एकामागून एक पुढे जात असतात. प्रत्येक कुपीचे बूच नीट बसले आहे की नाही, हे पाहण्याचे काम आता पुष्कळ ठिकाणी डिजिटल कॅमेऱ्याकडे सोपविलेले असते. कुपी समोर येताच छायाचित्र घेण्यासाठी कॅमेऱ्यास विजेचा जो इशारा दिला जातो, त्यास ट्रिगर-संकेत म्हणतात. हा संकेत नेमका केव्हा द्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

समजा, कॅमेऱ्याच्या ३०० मिलिमीटर अलीकडे एक प्रकाशसंवेदक बसविला आहे. कुपीने त्याचा किरण अडविला की तो संकेत देतो. पट्टा सेकंदास २ मीटर, म्हणजेच मिलिसेकंदास २ मिलिमीटर, वेगाने चालत असेल, तर कुपी १५० मिलिसेकंदांनी कॅमेऱ्यासमोर येईल. तेव्हा संकेत तितका वेळ थोपवून धरला की काम भागेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पट्ट्याचा वेग एक-दशांशाने कमी झाला, तर त्याच अवधीत कुपी २७० मिलिमीटरच सरकेल आणि ३० मिलिमीटर मागे राहील. यास्तव वेळ न मोजता अंतर मोजणे श्रेयस्कर होय. त्यासाठी पट्टा फिरविणाऱ्या रुळाच्या आसास एन्कोडर नावाचे उपकरण जोडतात. पट्टा ०.१ मिलिमीटर सरकला की ते एक स्पंद देते असे मानल्यास, ३,००० स्पंद मोजून संकेत द्यावा. मग वेग कमीअधिक झाला तरी कुपी योग्य जागीच सापडते.

संकेत पोचल्यानंतरही कॅमेऱ्यास किंचित विलंब लागतो. हा विलंब नेहमी सारखाच असेल, तर तो हिशेबात धरता येतो. मात्र तो दर वेळी बदलत असेल, तर हिशेब चालत नाही. इतर कामांत गुंतलेल्या संगणकामार्फत संकेत पाठविल्यास असे घडू शकते. म्हणून तो स्वतंत्र तारेने थेट कॅमेऱ्याकडे नेतात. उद्भासनाचा, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा, काळही अल्प असावा. १०० मायक्रोसेकंदांत वरील कुपी ०.२ मिलिमीटर सरकते आणि चित्र तितके पुसट होते. झगझगीत दिवा लावावयाचा असल्यास त्याचा प्रकाश या उद्भासनकाळातच पडला पाहिजे.

सर्वांत घातक चूक निराळीच आहे. सेकंदास ५० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यास प्रत्येक चित्रासाठी २० मिलिसेकंद लागतात. दोन कुप्यांमधील अंतर ४० मिलिमीटरांहून कमी झाले, तर दुसरा संकेत येतो तेव्हा कॅमेरा गुंतलेला असतो व तो संकेत वाया जातो. एक चित्र गळले, आणि निवड करणारे यंत्र केवळ चित्रांच्या क्रमावर विसंबून असले, तर पुढील प्रत्येक निकाल आधीच्या कुपीस लागू होतो. परिणामी चांगली कुपी फेकली जाते आणि सदोष कुपी रुग्णाच्या हाती पडण्याचा संभव असतो. म्हणून दिलेले संकेत व मिळालेली चित्रे यांची संख्या सतत ताडून पाहावी, आणि एकाचाही फरक आढळल्यास पट्टा थांबवावा.