स्क्रिप्टची पहिली ओळ

‘स्क्रिप्टने घोळ घातला’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. घोळ घातला तो स्क्रिप्टमधली ओळ खोडणाऱ्या माणसाने आणि बोल लागला मला. मी बाहेरून ड्राफ्टिंगची कामं घेते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका सोलर प्रकल्पाचा लेआउट एका कंत्राटदार कंपनीसाठी करत होते. हे लिहितेय ते थोडं मन मोकळं करायला, आणि जास्त करून माझ्यासारखी कामं घेणाऱ्यांनी वेळीच सावध व्हावं म्हणून.

काम तसं सरळ होतं. पॅनेलचं एक टेबल पाइलसकट काढायचं आणि तेच सर्व्हेच्या कोऑर्डिनेट्सवर शेकडो ठिकाणी कॉपी करायचं. हाताने करायला बसलं की एखादा पॉइंट राहतोच, एखादा दोनदा पडतो. त्यांच्या ऑफिसात ऑटोकॅड एलटी, तेही जुनं. एलटीमध्ये ऑटोलिस्प चालायला लागलं ते २०२४ च्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या एलटीत साधी स्क्रिप्टच चालते. म्हणून मी नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट करून दिली. पहिल्या ओळीत ओस्मोड शून्य, म्हणजे ओस्नॅप बंद, मग कॉपीमोड शून्य, मग कॉपी कमांड, टेबलाची निवड, बेस पॉइंट, त्याखाली एक्सेलमधून आणलेले पॉइंट, ओळीला एक. शेवटी एंटरसाठी रिकामी ओळ आणि सगळ्यात खाली ओस्मोड परत ४१३३. सोबतच्या मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: एकही ओळ बदलू नका, मध्ये थांबवू नका, थांबलीच तर रिझ्यूम कमांड द्या.

नंतर साइटवरून बोंब आली. सर्व्हेअर आखणी करायला गेला तर काही पाइल कुंपणाला चिकटलेले, काही जोड्या एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि टेबलांची संख्या यादीपेक्षा जास्त. मला मीटिंगला बोलावलं. समोर क्लायंटची माणसं बसलेली. डिझाइन बघणारे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “मॅडम, तुमच्या ऑटोमेशनपायी आमची साइट बंद पडली. पोरांनी हातानं केलं असतं तर बरं झालं असतं.” मी म्हटलं, तुम्ही चालवलेली स्क्रिप्ट मला दाखवा. ते म्हणाले, “ती कशाला? तुम्ही फक्त नवीन लेआउट द्या, फुकट.” पुढच्या प्रत्येक फोनला हेच उत्तर. फाइल दाखवायला जो माणूस इतका टाळाटाळ करतो, त्याला आत काय आहे हे ठाऊक असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. अखेर त्यांच्याच ऑफिसातल्या एका मुलाने ती पाठवली.

उघडली. पहिलीच ओळ कॉपीमोडची. ओस्मोडची ओळ गायब, खालचीही गायब. बाकी एकेक आकडा माझाच. मी कितीतरी वेळ नुसती त्या फाइलकडे बघत बसले. राग आलाच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, कारण तोवर मी रात्र रात्र माझेच कोऑर्डिनेट तपासत होते.

काय झालं ते त्या मुलानेच सांगितलं. साहेबांनी पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली आणि मध्येच एस्केप मारला. शेवटची ओळ चाललीच नाही, म्हणून त्यांचा ओस्नॅप बंदच राहिला. ‘ही बाई माझं सेटिंग बिघडवते’ म्हणून त्यांनी दोन्ही ओळी काढल्या, ओस्नॅप चालू केला आणि आधीच्या कॉपी न पुसता सगळं पहिल्यापासून पुन्हा चालवलं. एक थर बरोबर, त्यावर दुसरा थर सरकलेला.

आता सरकला का, तर हे प्रत्येक ड्राफ्ट्समनने पाठ करून ठेवावं. हाताने टाइप केलेला कोऑर्डिनेट ओस्नॅप चालू असला तरी हलत नाही. स्क्रिप्टमधून आलेला मात्र हलतो, कारण ओस्नॅपकोऑर्ड हे सेटिंग मुळात २ वर असतं आणि २ चा अर्थच असा की टाइप केलेला आकडा वरचढ, स्क्रिप्ट सोडून. पॉइंट जवळच्या एंडपॉइंटकडे ओढला जातो, आणि ‘जवळ’ म्हणजे किती हे पडद्यावरच्या पिक्सेलवर ठरतं. एक किलोमीटर रुंद जागा १९२० पिक्सेलच्या पडद्यावर मावली की एक पिक्सेल अर्ध्या मीटरहून मोठा. स्नॅपची ही पिक्सेलची मर्यादा, म्हणजे ॲपर्चर, नेहमीच्या १० वर असेल तर पाचेक मीटरवरचा कुंपणाचा कोपरासुद्धा पॉइंटला खेचून घेतो. साहेबांनी पूर्ण साइट दिसेल इतकं झूम आउट करून स्क्रिप्ट चालवली होती. तीच फाइल जवळून झूम करून चालवली असती तर निकाल वेगळा आला असता. म्हणूनच ही चूक पकडायला इतकी अवघड जाते.

तेव्हापासून मी ओस्मोडच्या एका ओळीवर विसंबत नाही. ओस्नॅपकोऑर्ड १ करून देते, शिवाय प्रत्येक पॉइंटच्या आधी ‘नन’ हा स्नॅप एक्सेलच्या फॉर्म्युलातूनच जोडते. शेकडो ओळींतून तो काढत बसायला कुणाला वेळ नसतो. लिस्प लिहीत असाल तर वापरणाऱ्याचा ओस्मोड आधी जपून ठेवा आणि एरर फंक्शनमध्ये परत द्या, म्हणजे एस्केप मारला तरी त्याची तक्रार राहत नाही. निवडीसाठी ‘लास्ट’ वापरू नका. दुसऱ्यांदा चालवताना तो मूळ टेबल न धरता शेवटची कॉपी धरतो आणि अख्खा लेआउट सरकतो. कॉपीमोड १ असला तर पहिल्या कॉपीनंतर कमांड संपते आणि पुढचे आकडे वाया जातात. स्क्रिप्टमध्ये स्पेस म्हणजे एंटर, तेव्हा ओळीच्या शेवटी राहिलेली एक स्पेससुद्धा पुढचं सगळं बिघडवते. आणि सर्व्हेअरने आकडे आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन पाठवले असतील तर आधी ते काढा. ५,९५,२१०.४० हे ऑटोकॅड एक्स ५, वाय ९५, झेड २१०.४० असं वाचतं.

दुहेरी कॉपी तंतोतंत एकावर एक असतील तर ओव्हरकिल ही कमांड त्या काढून टाकते. सरकलेल्या असतील तर तिला त्या दिसतच नाहीत. तिथे मोजणी हाच उपाय: एक्सेलमधल्या ओळी आणि ड्रॉईंगमधले ब्लॉक, दोन्ही आकडे जुळल्याशिवाय साइटवर काही पाठवू नका. बाकी बॅकअप ठेवा, आधी चार पॉइंटवर करून बघा, हे सगळे सांगतातच.

माणसांबद्दल एकच सांगते. फाइल पेनड्राइव्हवर देऊ नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. मेलनेच पाठवा आणि ‘यात बदल केल्यास जबाबदारी आमची नाही’ असं वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. माझ्याकडे तारखेसकट मूळ मेल होता, म्हणून क्लायंटसमोर दोन्ही फाइली शेजारी ठेवता आल्या. साहेबांनी त्यावर एक शब्द काढला नाही, माफी तर दूरच. शेवटचं बिल मात्र त्यांनी अजून थकवून ठेवलंय.