वाट मोकळी झाली, पण धोका किती?

२० ऑगस्ट २०२० चा दिवस. अमळनेर तालुक्यातील एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. त्यांचा धाकटा भाऊ कल्याणला नोकरीस. मार्चपासून तिकडेच अडकलेला. घरी आई सत्तरीची, तिला मधुमेह. गणपती दोन दिवसांवर. त्याच दिवशी एस.टी.च्या दुसऱ्या जिल्ह्यांत जाणाऱ्या गाड्या ई-पासशिवाय सुरू झाल्या होत्या. त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, सरकारने गाडी सोडली म्हणजे धोका टळला ना? भावाला बोलावू का?"

जळगाव-धुळ्यात तेव्हा अनेक घरांत हाच प्रश्न होता. खासगी वाहनांचा ई-पासही २ सप्टेंबरपासून गेला. गाडी सुटली म्हणजे धोका टळला, असे मात्र नसते. मग तो मोजायचा कसा? साथरोगतज्ज्ञ त्यासाठी गणित मांडतात. त्यातील अवघड सूत्रे सोडली, तर मूळ हिशेब आपल्यालाही करता येतो.

त्याला तीन आकडे लागतात. पहिला, बाहेरून किती माणसे येणार. दुसरा, ती जिथून येतात तिथे हजारी किती जणांना लागण आहे. तिसरा, येथे आल्यावर एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो.

समजा, एका तालुक्यात २,००० माणसे आली आणि लागणीचे प्रमाण हजारी ५ आहे. म्हणजे १० बाधित आले. प्रत्येकाने दोघांना रोग दिला, तर १० चे २०, मग ४०, ८० आणि १६०. कोरोनाची एक फेरी साधारण पाच दिवसांची धरली, तर हे सारे वीस दिवसांत घडते. एकूण रोगी ३१०.

आता प्रवासी निम्मे केले. ५ बाधित आले. त्यांचे १०, २०, ४०, ८०. आणखी एक फेरी झाली की पुन्हा १६०! निम्मी वाट बंद ठेवून मिळाले काय, तर पाच दिवस.

उलट प्रवासी तेवढेच ठेवा, पण तिसरा आकडा उतरवा. दोन रोग्यांमागे एकालाच नवी लागण झाली, तर १० चे ५, मग दोन-तीन आणि साखळी तुटते. एकूण रोगी विसाच्या आत राहतात.

वुहानचा अनुभव याच्याशी जुळतो. २३ जानेवारी २०२० रोजी ते शहर बंद झाले. संशोधकांनी गणित मांडले, तेव्हा त्या बंदीने चीनमधील इतर भागांतील साथ अवघी तीन ते पाच दिवस लांबल्याचे दिसले, कारण रोग आधीच बाहेर पडला होता. परदेशी जाणारे बाधित मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बरेच घटले. म्हणजे बंदी निरुपयोगी नाही. ती वेळ मिळवून देते. त्या वेळात खाटा, प्राणवायू आणि तपासणीची सोय झाली, तरच ती कामी आली.

जागेप्रमाणेही हिशेब बदलतो. जिथे आधीच शेकडो रोगी आहेत, त्या शहरात आणखी दहांनी फारसा फरक पडत नाही. सातपुड्यातील एखाद्या रोगमुक्त पाड्यावर मात्र एक बाधितही साथ सुरू करू शकतो. म्हणून सगळीकडे एकच नियम लावून भागत नाही. वाट टप्प्याटप्प्याने उघडावी आणि रोग्यांच्या आकड्यावर नजर ठेवावी. आकडे चढले तर पाऊल मागेही घ्यावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये ई-पास परत आला, तो असाच.

वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. हे गणित म्हणजे भविष्य नव्हे. 'असे असेल तर तसे होईल', एवढेच ते सांगते. लक्षणे नसलेले रोगी मोजणीतून सुटले, तर दुसरा आकडाच चुकतो आणि पुढचे सारे चुकते.

त्या शेतकऱ्याला मी सांगितले, "बोलवा, पण चौदा दिवस मळ्यातल्या खोलीत ठेवा." आईला ते रुचले नाही. लेक पाच महिन्यांनी आला आणि घरात नाही! चौथ्या दिवशी त्याला ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. तो बरा झाला. आईला लागण झाली नाही.

पहिले दोन आकडे बहुतांशी सरकारच्या हाती असतात. तिसरा बराचसा आपल्या हाती. उद्या दुसरी एखादी साथ आली आणि वाट मोकळी झाली, तर घरी येणाऱ्याला अवश्य बोलवा. मात्र त्या रोगाचे वेगळे राहण्याचे दिवस डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरातील म्हाताऱ्या माणसाची खाट तेवढे दिवस त्याच्यापासून दूर ठेवा.