प्लेअर संगणकाला दिसत नाही तेव्हा

लोकगीतांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आता टेपरेकॉर्डरचे ओझे वाहावे लागत नाही. काडेपेटीएवढ्या एमपीथ्री प्लेअरमध्येही माइक असतो. पुसद-दिग्रसकडील तांड्यावरची होळीची लेंगी किंवा केळापूर-झरी भागातील पोडावरची कोलामी गाणी त्यात सहज मावतात. लेंगी पुढल्या होळीला पुन्हा कानी पडेल; पण जात्यावरची ओवी सांगणारी म्हातारी पुढल्या वर्षी भेटेलच, असे नाही. शिवाय कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्यातले गाणे एका बैठकीत कागदावर उतरत नाही. एकेक ओळ दहादा ऐकावी लागते. त्यासाठी ध्वनिमुद्रण संगणकावर यावे लागते आणि नेमके तेथेच घोडे अडते. प्लेअर जोडला तरी संगणक त्याला ओळखच देत नाही.

येथे एक गोष्ट प्रथम मनाशी पक्की करावी. प्लेअर संगणकाला दिसत नाही, याचा अर्थ गाणी गेली असा नव्हे. प्लेअर स्वतः ती वाजवीत असेल तर आतील ठेवा शाबूत आहे. बिघाड बहुधा दोघांमधल्या वाटेवर असतो. गाणी जातात ती त्यानंतर केलेल्या घाईमुळे.

वाटेवरचा पहिला संशयित म्हणजे केबल. नेहमीच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारांतून 5 व्होल्टची वीज जाते, उरलेल्या दोहोंतून माहिती. केवळ चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. त्यामुळे प्लेअर चार्ज होत असल्याचे दिसते, आपण केबलला निर्दोष ठरवतो आणि उगाच संगणकाला बोल लावतो. दुकानात ‘डेटा केबल’ असे स्पष्ट सांगूनच ती घ्यावी. टेबलावरचा संगणक असेल तर केबल त्याच्या पाठीमागच्या खाचेत लावावी. पुढच्या खाचा आतून वेगळ्या वायरने जोडलेल्या असतात आणि प्रयोगशाळेत सर्वांचे पेन ड्राइव्ह सोसून त्या सैल झालेल्या असतात. बॅटरी पार उतरली असेल तर अर्धा-पाऊण तास नुसते चार्ज होऊ द्यावे. प्लेअर गोठला असेल तर चालू-बंदचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहून बॅटरी फुगली असेल, तर तो प्लेअर कशालाही न जोडता दुरुस्तीवाल्याकडेच न्यावा.

केबल बरी असूनही अडत असेल तर दोघांची बोली जुळते का, ते पाहावे. प्लेअर संगणकाशी दोन पद्धतींनी बोलतात. एकीत प्लेअर पेन ड्राइव्हसारखा वागतो, म्हणजे घराच्या किल्ल्या संगणकाच्या हाती देतो. दुसरीला एमटीपी म्हणतात. तिच्यात किल्ल्या प्लेअरजवळच राहतात आणि संगणकाने मागितलेली फाइल तो आतून काढून देतो. ही दुसरी बोली प्रत्येक संगणकाला येतेच असे नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी मोड’ असा पर्याय असल्यास तो बदलून पुन्हा जोडावे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून प्लेअरच्या नावापुढे पिवळी खूण दिसली तर ती नोंद काढून टाकावी, केबल काढून पुन्हा लावावी. संगणक नव्याने ओळख करून घेतो. कधी ओळख पटलेली असते, पण ड्राइव्हला अक्षरच मिळालेले नसते. ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन देता येते.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. कधी कधी प्लेअर जोडताच संगणक विचारतो, ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?’ भाषा इतकी सभ्य असते की बोट ‘होय’वर जाते. अनुक्रमणिका फाटल्यामुळे पुस्तक वाचता येत नाही, म्हणून कोरी अनुक्रमणिका लावून पुस्तक नवे समजायचे, असा हा प्रकार आहे. जुनी पाने काही काळ आत असतात, पण त्यांवर नवे लिहिले गेले की संपले. उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. प्लेअरमध्ये काढता येणारे मेमरी कार्ड असेल आणि मुद्रण त्यावर केले असेल, तर ते कार्ड रीडरमध्ये घालून पाहावे.

सर्व उपाय थकले आणि प्लेअर अजून वाजतो आहे, तर कॅसेटच्या जमान्यातील युक्ती कामास येते. हेडफोनच्या भोकातून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये घालावी, आवाज मध्यम ठेवावा आणि गाणे वाजवीत संगणकावर मुद्रित करून घ्यावे. तासाभराच्या गाण्यांना तासभर लागतो, आवाजात थोडी खरखर येते. पण गाणे हाती राहते. ही युक्ती मला इतर सर्व उपायांहून विश्वासाची वाटते. तिला ना एमटीपी लागते, ना ड्राइव्हचे अक्षर.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न हाती आधीच असलेल्या मुद्रणांचा आहे. अ‍ॅपलने 2022 साली आयपॉड बंद केला. जुन्या प्लेअरना सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात जमलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांतील कित्येक ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, कारण आवाज मूळ फितीवरच अडकून राहिला नाही.

तेव्हा प्लेअर दिसू लागताच प्रथम सर्व फाइली संगणकावर उतरवाव्यात, नावनिवड मागाहून करावी. उतरवताना वीज गेली तर घाबरू नये; मूळ फाइल प्लेअरमध्ये असतेच. म्हणूनच ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावे. दुसरी प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी, ‘इजेक्ट’ करूनच केबल काढावी आणि फाइलीच्या नावात गाव, तारीख व गाणारीने परवानगी दिली असल्यास तिचे नाव घालावे.